इंदूरहून इमॅजिका: घरच्या गाडीने, खिशाला परवडेल अशी सहल कशी आखायची

खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जायचा विषय निघाला की बहुतेक घरांत आधी तिकिटाचा दर बघितला जातो. आकडा दिसला की वडीलमंडळी गप्प होतात आणि सहल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. वास्तविक इंदूरहून निघणाऱ्या कुटुंबाचा खर्च तिकिटामुळे हाताबाहेर जात नाही. तो जातो जास्तीच्या मुक्कामांमुळे, पार्कातल्या खाण्यामुळे आणि शनिवार-रविवारीच जायच्या हट्टामुळे. त्यामुळे आखणीचा क्रम असा ठेवा: आधी वार, मग मुक्काम, मग तिकीट आणि शेवटी गाडी. हा क्रम उलटा झाला की पैसे गळायला लागतात.

पुढचं सगळं मी एका गाडीतून जाणारं चौघांचं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. सोबत आजी-आजोबा असतील तर काय करायचं, तेही पुढे येईल.

गाडी न्यावी का?

दोघं-तिघंच असाल तर सरळ अवंतिका एक्सप्रेसने मुंबई गाठा आणि तिथून लोकलने खोपोली. स्वस्त पडेल, थकवाही कमी. चार माणसं झाली की हिशोब गाडीच्या बाजूने झुकतो. कारण खोपोलीपासून पार्क, पार्कापासून मुक्काम, मग पाली-महडचे गणपती असं फिरायला दर वेळी रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते आणि ते पैसे मोजता मोजता नाकी नऊ येतात. शिवाय इंदूरहून मुंबईकडे जाणारी रेल्वे रतलाम-वडोदऱ्याकडून वळसा घालून जाते. मनमाड-इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा रेल्वेमार्ग केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. त्यावरून गाड्या धावू लागेपर्यंत थेट दक्षिणेकडे उतरायला आपला एबी रोडच, म्हणजे आग्रा-मुंबई महामार्ग, आहे.

वार आधी

पार्कात जायचा दिवस सोमवार ते गुरुवार यांतलाच धरा. या दिवशी तिकीट कमी दरात मिळण्याची शक्यता असते, खोपोली-लोणावळ्याच्या खोल्यांचे दर उतरलेले असतात, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे रांगा लहान असतात. रविवारी दिवसभरात जेवढ्या राइड होतात, त्याहून बऱ्याच जास्त मंगळवारी होतात. म्हणजे त्याच पैशांत जास्त मजा.

दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा टाळा, तेव्हा मुंबई-पुणे दोन्ही तिथेच लोटलेलं असतं. मे महिन्यात ऊन सहन होत नाही, पण सुट्टी तेव्हाच असेल तर वॉटरपार्कचा विचार करा. जून ते सप्टेंबर खोपोलीच्या बाजूला धो धो पाऊस असतो, आणि पाऊस जोरात असला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. माझ्या मते जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी उत्तम, शाळेतून तीन-चार दिवसांची रजा मिळत असेल तर.

इंदूरकरांना एक जास्तीची सोय आहे. रंगपंचमीला आपल्याकडे स्थानिक सुट्टी असते आणि महाराष्ट्रात कामाचा दिवस. तिला जोडून मधल्या वारी जाता येतं. आता गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, सोडून जायला घरातली तरुण मंडळी तयार होतील का, हा वेगळा प्रश्न!

पाच दिवसांचा साचा

रविवारी पहाटे इंदूर सोडायचं, रात्री शिर्डी. सोमवारी दुपारपर्यंत खोपोली. मंगळवार पूर्ण पार्कचा. बुधवारी सकाळी पाली आणि महडचे गणपती, संध्याकाळी नाशिक. गुरुवारी चांदवडवरून परत इंदूर. म्हणजे चार रात्री, त्यातली एक शिर्डीला, दोन खोपोलीच्या आसपास आणि एक नाशिकला.

या मांडणीत शिर्डीचा गुरुवार टळतो, ही मुद्दाम केलेली गोष्ट आहे. गुरुवारी तिथे खोली मिळवणं आणि दर्शन घेणं दोन्ही कठीण. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हे शिर्डीचे मोठे उत्सव, त्या आठवड्यांत हा बेतच नको. तसंच भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी बघून घ्या. पालीला जायच्या दिवशी संकष्टी आली तर रांगेतच दुपार होईल.

पाच दिवस जास्त वाटत असतील तर एक लहान बेतही आहे. शिर्डीतच वेट अँड जॉय नावाचं वॉटरपार्क आणि साईतीर्थ हे थीम पार्क आहे. दोन मुक्काम, तीन दिवस, आणि अंतर निम्म्याच्या जवळ. मुलं सात-आठ वर्षांच्या आतली असतील तर माझा सल्ला हाच राहील. मोठ्या रोलर कोस्टरवर त्यांना बसूच देणार नाहीत, मग त्यासाठी खोपोलीपर्यंत जायचं कशाला?

पैशांचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि पाच रकाने पाडा: इंधन, टोल, मुक्काम, पार्क, खाणं. बाकी खरेदी, फोटो, खेळणी हे सगळं सहाव्या रकान्यात, आणि त्याची मर्यादा मुलांसमोरच ठरवा.

इंधनाचा हिशोब सोपा आहे. इंदूर ते शिर्डी साधारण ४०० किलोमीटर, शिर्डी ते खोपोली अडीचशेच्या आसपास, खोपोली ते नाशिक २००, नाशिक ते इंदूर चारशेच्या थोडं वर. इकडचं तिकडचं फिरणं धरून १३५० किलोमीटर समजा. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर ९० लिटर. पेट्रोल १०५ रुपयांनी धरलं तर ९४५० रुपये. तुमच्या गाडीचं ॲव्हरेज घाला आणि आकडा बदला, पण कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज घालू नका. एसी चालू, सामान भरलेलं आणि दोन घाट असताना प्रत्यक्ष जे पडतं तेच लिहा.

सहसा मध्य प्रदेशात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा थोडं महाग असतं. त्यामुळे इंदूरला टाकी गळ्यापर्यंत भरण्याऐवजी शिरपूरपर्यंत आरामात पुरेल एवढंच घ्या आणि सीमा ओलांडल्यावर भरा. टाकीमागे शंभरेक रुपये वाचतील, फार नाही, पण तेवढ्यात सगळ्यांचा चहा होतो. सीएनजीची गाडी असेल तर वाटेतले पंप आधी नकाशावर बघून ठेवा आणि पेट्रोलची टाकीही अर्धी तरी असू द्या. धुळ्या-मालेगावकडे रांग लागली की तास सहज जातो.

मुक्कामाच्या रकान्यात चार रात्री आहेत. त्यातली शिर्डीची संस्थानच्या भक्तनिवासात आणि नाशिकची नातेवाइकांकडे झाली तर पैसे मोजायच्या रात्री दोनच उरतात. इंदूरच्या मराठी घराचं नाशिक किंवा पुण्यात कोणी नाही असं सहसा होत नाही. एक रात्र उतरायचं, जाताना अर्धा किलो शेव आणि जिरावण मसाल्याची पुडी न्यायची, सकाळी लवकर निघायचं. दोन रात्री राहू नका, मग यजमानांनाही सुट्टी काढावी लागते.

पार्कच्या रकान्यात नुसतं तिकीट लिहू नका. पार्किंग, लॉकर, एक वेळचं जेवण, एक वेळचं चहापाणी, आणि वॉटरपार्क असेल तर पोशाखाचं भाडं, हे सगळं त्यातच येतं. घरून निघताना हे लिहिलेलं असलं की तिथे उभं राहून भांडणं होत नाहीत.

गाडी आणि फास्टॅग

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी मेकॅनिककडे न्या. ब्रेक, कूलंट, बॅटरी आणि पाचही टायर तपासून घ्या. पाचवा म्हणजे डिकीतला. त्याची हवा कोणीच बघत नाही. जॅक आणि पाना जागेवर आहेत का तेही बघा.

विमा, पीयूसी, आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये ठेवा. एमपी ०९ ची पाटी बघून महाराष्ट्रात कुठेतरी अडवतीलच असं धरून चाला. कागद चोख असले की दोन मिनिटांत मोकळे होता. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा असतो, हे आजोबांना आधीच सांगून ठेवा.

फास्टॅगची केवायसी पूर्ण आहे ना, ते घरी बसून बघा. १५ नोव्हेंबर २०२५ ला नियम आला तेव्हा चालू फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट टोल आणि यूपीआयने सव्वापट, असं ठरलं होतं. खासगी मोटारींसाठी वार्षिक पासही आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांतलं जे आधी संपेल तोवर, असा नियम होता. राजमार्गयात्रा ॲपवरून तो घेता येतो. इंदूर-धुळे-नाशिक हा सगळा राष्ट्रीय महामार्ग असल्याने तिथे पास चालतो. समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या अखत्यारीतले, तिथे चालत नाही, नेहमीसारखे पैसे कापले जातात. वर्षातून अशी एकच सहल होत असेल तर पासाचा मोह नको. सासर-माहेर महाराष्ट्रात असेल आणि तीन-चार फेऱ्या ठरलेल्या असतील, तर नक्की घ्या.

इंदूर ते शिर्डी

पहाटे पाचला निघा. राजेंद्रनगर, राऊ, महू मागे पडून मानपूरच्या पुढे उजाडायला हवं. कारण पुढचा उतार उजेडातच उतरायचा. मानपूरनंतर रस्ता माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरतो, आणि वाटेतला गणपती घाट अपघातांसाठी बदनाम आहे. भरलेल्या ट्रकचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि मग लागतच नाहीत. तुमच्या गाडीचं काही बिघडलेलं नसतं, धोका मागून येणाऱ्याचा असतो. त्यामुळे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेक अधूनमधून दाबा, ट्रकच्या पुढे लगेच घुसू नका आणि फोटोसाठी कडेला थांबू नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणारे महाभाग अजूनही दिसतात. त्यांच्यापासूनही लांब राहा.

खलघाटला नर्मदा येते. 'नर्मदे हर' म्हणून झालं की मुलांना इथे एक गोष्ट सांगा, पार्कात तिचा उपयोग होईल. राजासौरस नावाचा मांसाहारी डायनोसॉर भारतातला. २००३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते राजासौरस नर्मदेन्सिस, म्हणजे आपल्या याच नर्मदेचं. आणि इथून जवळच्या धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीच्या भागात, वेगळ्या जातीच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची २५६ अंडी सापडल्याचं संशोधन २०२३ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालं. इमॅजिकातली राजासौरसची राइड पुढे येणारच आहे. इथपासून तिथपर्यंत मुलं प्रश्न विचारत बसतात आणि मोबाइल मागत नाहीत.

पुढे ठिकरी, जुलवानिया, सेंधवा. सेंधव्यानंतर बिजासन घाट, बिजासनी मातेचं देऊळ आणि राज्याची सीमा. इथे ट्रकांची गर्दी असते, घाई चालत नाही. घाट उतरला की पळासनेर, शिरपूर, तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर, धुळे. जेवण धुळ्याच्या अलीकडे-पलीकडे करा. शेवभाजी हवीच असेल तर खान्देशातली खा, पण रस्सा झणझणीत असतो. मुलांसाठी वेगळी डाळ सांगा.

धुळ्यावरून मालेगाव, तिथून मनमाड-येवला-कोपरगाव मार्गे शिर्डी. मालेगावपर्यंत रस्ता चौपदरी आणि सरळ. मनमाडनंतर वाहनं दाटतात, रस्ताही तितका एकसारखा नाही, म्हणून अंधार पडायच्या आत हा टप्पा संपवा. पाचला निघालात आणि दोन मोठे थांबे घेतलेत तरी दुपारी तीन-चारपर्यंत पोचता.

शिदोरी

हॉटेलांवरचा खर्च नाश्त्यात वाढतो, जेवणात नाही. चार माणसं सकाळी ढाब्यावर बसली की पराठे, चहा, थंड पेय, चिप्स असं करत जेवणाएवढं बिल होतं. म्हणून पहिल्या दिवसाचा नाश्ता घरचा: दशम्या, लसणाची चटणी, मेथीचे ठेपले, तिखट-मिठाच्या पुऱ्या. दशमी दुधात भिजवलेली असल्यामुळे दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. उन्हाळ्यात मात्र बटाट्याची भाजी डब्यात भरू नका, दुपारपर्यंत आंबते. ओला नारळ घातलेली चटणीही नको. शेव तर न सांगता गाडीत येतेच.

पाण्याचा पाच लिटरचा कॅन, कागदी पेले, ओली फडकी, उलटीच्या गोळ्या आणि कागदी पिशव्या पुढच्या सीटच्या मागे हाताशी ठेवा. घाटात उलटी आली की डिकी उघडायला वेळ मिळत नाही.

शिर्डीचा मुक्काम

साई संस्थानच्या भक्तनिवासांच्या खोल्या संस्थानच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधी आरक्षित करा. सगळ्यांची आधारकार्डं बरोबर ठेवा. संस्थानच्या नावाने फोन करून खोली देतो म्हणणाऱ्यांना आगाऊ पैसे पाठवू नका. प्रसादालयात जेवण साधं आणि पोटभर मिळतं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक आणि वाढप कशी चालते, ते मुलांना बघू द्या. रात्रीचं दर्शन झालं तर उत्तम, सोमवारची सकाळ मोकळी राहते.

शिर्डी ते खोपोली

दोन रस्ते आहेत. एक संगमनेर-नारायणगाव-चाकण-तळेगाव करत लोणावळ्याकडून उतरणारा, दुसरा समृद्धी महामार्गाने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत आणि तिथून पनवेलकडून. पहिल्यात टोल कमी, पण चाकणला एकदा अडकलात की पेट्रोल आणि डोकं दोन्ही जळतं. मी समृद्धीच घ्यायला सांगेन.

समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. कसारा घाट टळतो, त्याऐवजी इगतपुरीजवळचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा लागतो. मोटारीला टोल किलोमीटरमागे दोन रुपयांच्या थोडा वर, म्हणजे शिर्डी ते आमणे पावणेचारशेच्या आसपास धरा. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० आहे, घाटाच्या भागात १००. पण १२० ची परवानगी आहे म्हणून १२० नेच जायला पाहिजे असं नाही. सामानाने भरलेली छोटी गाडी ९०-१०० ला चालवा. तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर फुटतात, म्हणून चढण्याआधी थंड टायरची हवा तपासा, टाकी भरा आणि सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा. मनात आलं तिथे थांबायची सोय या रस्त्यावर नाही. सरळ, रिकामा रस्ता बघून चालवणाऱ्याला झोप येते, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं.

आमणेला उतरल्यावर भिवंडी, कल्याण-शीळ, पनवेल असा कंटेनरांच्या गर्दीतला पट्टा आहे. शिर्डीहून नऊपर्यंत निघालात तर इथे दुपारी पोचता, तेच बरं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या कचेऱ्यांच्या वेळेत इथे येणं म्हणजे शिक्षा. पनवेलपासून द्रुतगती मार्ग न घेता चौकवरून जाणाऱ्या जुन्या रस्त्याने खोपोली गाठता येते.

खोली खोपोलीत किंवा पाली रस्त्यावर बघा. लोणावळ्याच्या नावाचे पैसे द्यायची गरज नाही. पालीला देवस्थानचं भक्तनिवासही आहे. फोनवर विचारताना खोलीच्या दरावर थांबू नका: मुलांचे वेगळे पैसे आहेत का, जास्तीची गादी केवढ्याला, गाडी आत लागते का, सकाळी गरम पाणी किती वाजता. दोन रात्री सलग राहणार, मधले वार आहेत, हे सांगून दर कमी करायला सांगा. इंदूरकराला घासाघीस शिकवायला नको.

पार्कचा दिवस

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यात आहे. २०१३ साली सुरू झालं. थीम पार्क आणि वॉटरपार्क शेजारी शेजारी, पण तिकिटं वेगळी. एकाच दिवसात दोन्ही करू नका, दोन्ही अर्धवट राहतात.

तिकीट घरूनच, अधिकृत संकेतस्थळावरून काढा. तारखेप्रमाणे दर बदलतो, म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन तारखा बघा. विद्यार्थी आणि ज्येष्ठांसाठी वेगळे दर असतात, मात्र ओळखपत्र दाखवावं लागतं. मूळ शाळा-कॉलेजचं कार्ड बरोबर ठेवा. तारीख बदलता येते का, पैसे परत मिळतात का, या अटी पैसे भरण्याआधी वाचा. घरात कोणी आजारी पडलं तर तेच कामी येईल. त्या तारखेला कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत, तेही फोन करून विचारा.

मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं, आणि राइडवर बसू देणंही उंचीवरच. नायट्रो या सगळ्यांत मोठ्या रोलर कोस्टरला साधारण साडेचार फुटांच्या पुढची उंची लागते. घरी दाराच्या चौकटीला पाठ टेकवून, चपला काढून मोजा आणि पेन्सिलीची खूण करा. मूल एक-दोन बोटांनी कमी पडत असेल तर त्याला इंदूरलाच सांगा. तीनेक तासांच्या उत्साहानंतर रांगेच्या टोकाशी मोजपट्टीखाली उभं राहून 'नाही' ऐकणं फार वाईट. बूट घालून मोजायचं की काढून, यावरून तिथल्या माणसाशी हुज्जत घालणारे आईबाप हमखास भेटतात. त्याच्या हातात काही नसतं.

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. आत गेल्यावर बहुतेक लोक पहिल्या चौकात फोटो काढत थांबतात, तेवढ्यात तुम्ही नायट्रो किंवा डीप स्पेसच्या रांगेत लागा. ज्यांच्या रांगा दुपारी वाढतात त्या राइड पहिल्या दीड तासात उरकायच्या. डीप स्पेस अंधारातली आहे, उंच राइडला घाबरणारेसुद्धा तिथे बसतात आणि बाहेर येऊन पुन्हा जाऊ म्हणतात. सलीमगढ हे भुताटकीचं घर आहे. लहान मुलाला रात्री झोप लागायला हवी असेल तर ते वगळा. टोकाचं ऊन असेल तेव्हा, साधारण एक ते साडेतीन, बंदिस्त वातानुकूलित खेळ घ्या. आय फॉर इंडिया त्यासाठी योग्य, बसल्या जागी देशावरून उडाल्यासारखं वाटतं आणि पायांना विश्रांती मिळते. राजासौरसच्या राइडमध्ये बोट शेवटी खाली झेपावते आणि पाणी अंगावर येतं. ती चारनंतर ठेवली की ओल्या कपड्यांनी एसीत बसावं लागत नाही. मोबाइलसाठी झिपची पिशवी घरून न्या. संध्याकाळची मिरवणूक बघूनच निघा.

जास्तीचे पैसे देऊन रांग टाळायचा एक्सप्रेस पास मिळतो. मधल्या वारी तो घेऊ नका, आपण वार निवडला तो त्यासाठीच.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पिशवी तपासतात. तान्ह्या बाळाचं खाणं आणि औषधं याला हरकत नसते. म्हणून सकाळी खोपोलीत भरपेट नाश्ता करा, वडापाव-मिसळ काय मिळेल ते. आत जेवण एकदाच, आणि तेही पावणेबाराला किंवा तीननंतर, म्हणजे रांग नसते. तिकिटाबरोबर जेवणाचं कूपन मिळत असेल तर वेगळ्या दराशी तुलना करून घ्या. दोन मुलं एका ताटात भागत असतील तर चार कूपनं कशाला? ठेपल्यांचा डबा गाडीत राहू द्या, बाहेर पडल्या पडल्या त्याच्यावर सगळे तुटून पडतात.

वॉटरपार्क निवडलंत तर पोशाख नायलॉन किंवा तशाच कापडाचा लागतो, सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नाहीत. तिथलं भाडं चौघांचं मिळून बरंच होतं. त्याच पैशांच्या आसपास इंदूरला रजवाड्याच्या बाजारात स्वतःचे पोशाख येतात आणि पुढच्या उन्हाळ्यात पोहण्याच्या वर्गाला चालतात. जोडीला टॉवेल, प्लॅस्टिकच्या चपला आणि ओल्या कपड्यांची पिशवी.

आजी-आजोबा

त्यांना आधी विचारा, परस्पर ठरवू नका. गुडघे दुखत असतील, राइडवर बसायचंच नसेल, तर दिवसभर बाकावर बसून पिशव्या सांभाळण्यासाठी त्यांचं तिकीट काढणं त्यांनाच पटत नाही. पार्कापासून महड जवळ आहे. तिथला वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. खोपोलीतून रिक्षा ठरवून सकाळी दर्शन, दुपारी खोलीवर झोप आणि संध्याकाळी आपल्याबरोबर जेवण, हा दिवस त्यांना जास्त आवडतो. पण एखादे आजोबा नातवाबरोबर एखाद्या राइडवर बसायला उत्सुकही असतात. त्यांचं तिकीट जरूर काढा.

परतताना

बुधवारी सकाळी पालीचा बल्लाळेश्वर, येताना राहिलं असेल तर महड, आणि अकराच्या आत पनवेलकडे. भिवंडीचा पट्टा दुपारीच ओलांडायचा, मग समृद्धीने इगतपुरीपर्यंत आणि तिथून नाशिक.

गुरुवारी नाशिकहून सहाला निघा आणि चांदवडला थांबा. महामार्गालगतच रेणुकामातेचं देऊळ आहे, आणि गावात होळकरांचा रंगमहाल. दोन्हींशी अहिल्याबाईंचं नाव जोडलेलं आहे. रजवाडा रोज बघणाऱ्या मुलांना आपल्या होळकरांचा वाडा इतक्या लांब भेटतो तेव्हा त्यांची नजर वेगळीच असते. तासाभरात आटोपून मालेगाव, धुळे. शिरपूरला टाकी भरून घ्या. बिजासन घाट दुपारी चढा, आणि खलघाटनंतरची चढण दिवेलागणीच्या आत.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांनी गाडीचा नंबर घालून ई-चलान तपासा. समृद्धीवर आणि शहरांत कॅमेरे आहेत, आणि निरोप जुन्या मोबाइल नंबरवर गेलेला असू शकतो. फास्टॅगची यादीही एकदा डोळ्यांखालून घाला. एकाच नाक्यावर दोनदा पैसे कापले गेले असतील तर १०३३ वर किंवा टॅग दिलेल्या बँकेकडे तक्रार करता येते. फक्त तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव हाताशी ठेवा.